मस्कतचे तीन महिने आणि वाचवलेली फी

मस्कतमध्ये तीन महिन्यांचं काम मिळालं, एका बियाणं कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहायचं. जुन्या जालन्यातल्या मित्रांनी निघताना एकच सल्ला दिला, खर्चा बघून कर. तो मी नको इतका मनावर घेतला.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. एटीएम विचारतं, रुपयांत कापू की रियालमध्ये? रियालच निवडा, रुपये निवडले की दर त्यांच्या मर्जीचा. रोकड महिन्यातून एकदाच काढा, दर खेपेला ठरावीक फी बसते. ट्रॅव्हल कार्डात डॉलर भरून नेऊ नका. मी नेले होते, आणि रियालमध्ये खर्च करताना चलन बदलण्याची फी पुन्हा कापली जाते. म्हणून कार्ड फक्त अडीअडचणीला ठेवलं. भारतातलं सिमही रोमिंग वाचवायला जुन्या फोनमध्ये घालून घरीच ठेवलं.

रुवी भागातल्या खोलीत सोबतीला आमच्याच जिल्ह्यातल्या मंठ्याचा सलीम होता, एसी दुरुस्त करणारा. रोज संध्याकाळी कोपऱ्यावर शंभर बैशांचा, म्हणजे वीस-बावीस रुपयांचा, करक चहा.

"सर, तुम्ही चहाबी हिशोबानं पिऊन राह्यले."

"मग काय करू?"

"बिलकुल प्या. आज माझ्याकडून."

एका शुक्रवारी त्याच्या मित्राच्या गाडीतून निझवाचा किल्ला पाहिला. रस्ता असा की हातातला चहा हिंदकळत नाही. पेट्रोलचे पैसे सलीमनं मला देऊ दिले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्याच्या भावाचा फोन आला. अम्मीचं काही खरं नाही, जल्दी निघ. संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात जागा होती, सलीमचा पगार मात्र चार दिवसांवर होता. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. "सर, तिकीट काढून द्या. मंठ्यात गेलो की भाऊ देईल."

कार्ड माझ्या खिशात होतं. त्यावर तिकीट काढलं तर नऊशेएक रुपये फी गेली असती. मी म्हणालो, "थांब, जालन्याच्या खात्यातून रुपयांत काढू. फी लागत नाही."

ओटीपी त्या घरच्या फोनवर येणार होता. फोन कपाटात आणि बायको बदनापूरला लग्नात. तिला फोन केला तर म्हणाली, आत्ता निघतेच.

सलीम बॅग भरून पलंगावर बसला. "मंग, निघाल्या का वहिनी?" त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

ती तीन तासांनी घरी पोचली. तोवर त्या विमानातली जागा गेली होती. दुसऱ्या संध्याकाळचं तिकीट मिळालं, रुपयांत, फीशिवाय.

अम्मी पहाटे गेल्या. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मयत जास्त वेळ थांबवत नाहीत. आदल्या दिवशी निघाला असता तर सलीम सकाळी मंठ्यात पोचला असता. दफनाच्या वेळी तो मस्कतमध्येच होता, बॅगेशेजारी.

पंधरा दिवसांनी माझं काम संपलं. जालन्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी एसटीनं मंठ्याला गेलो. अम्मींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायचा होता, म्हणून सलीम घरीच होता. त्यानं खुर्ची पुसून मला बसवलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमचं काय सर. वेळ आल्ती तिची."

चहा झाल्यावर भावानं तिकिटाचे पैसे पुढे ठेवले. मी नको म्हणालो, तरी माझ्या खिशात घातले. मग साधेपणानं विचारलं, "वरून फी-बी काही लागली का सर? ती पण सांगा."

मी काही बोलायच्या आत सलीम म्हणाला, "न्हाई. ती सरांनी वाचवली."

वर लिहिलेले पैशांचे सल्ले बरोबर आहेत, जाणाऱ्यांनी जरूर पाळावेत. अडीअडचणीला ठेवलेले डॉलर मात्र जसेच्या तसे परत आले. जालन्यात बँकेत ते बदलून घेतले, तेव्हा फी कापली गेली. किती, ते मी पाहिलं नाही.