खोडरबराने लिहिलेलं पान

त्या माणसाला कोणी प्रेमाने हाक मारली असेल तर ती लहानपणीच. पुढचं सगळं आयुष्य त्याने वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलं. तो गल्लीत शिरताना दिसला की दुकानदार एकमेकांना डोळ्यांनी खुणा करायचे. पारड्याखाली चिकटवलेलं मेण तो नखाने खरवडून काढायचा आणि गिऱ्हाइकांसमोरच दुकानदाराच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. लग्न झालं नाही. होणार कसं? मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या बापाच्या दुकानातला काटाच तपासत बसला, असं लोक सांगतात, आणि तो ते नाकारत नाही.

निवृत्तीनंतर दुसरा एखादा झाडांना पाणी घालत बसला असता. याला इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला, जिथे कोणीही येऊन लिहावं आणि कोणीही ते सुधारावं. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की इथे लिहिणाऱ्यांपेक्षा उचलणारेच जास्त. कोणी वर्तमानपत्रातला लेख आणून चिकटवतोय, कोणी शाळेच्या पुस्तकातला धडा, कोणी दुसऱ्याच्या ब्लॉगवरचं अख्खं प्रवासवर्णन, 'माझ्या बायकोला बोट लागली' या वाक्यासकट. सगळे आयत्या बिळावरचे नागोबा. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर फार दिवसांनी त्याला बरं वाटलं.

रोज सकाळी चहा झाला की तो संगणकासमोर बसायचा. एखादं वाक्य जरा जास्तच गुळगुळीत वाटलं की ते शोधायचं, मूळ सापडलं की इथला मजकूर उडवायचा आणि लिहिणाऱ्याच्या पानावर दोन ओळींची पाटी ठोकायची: 'माहिती कोणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. स्वतःच्या शब्दांत लिहा, नाहीतर लिहू नका.' लोक चवताळायचे. इंटरनेटवर फुकटच तर आहे, असं कोणी म्हणालं की हा विचारायचा, रस्त्यावर सायकल उभी आहे म्हणून ती तुमची होते का. खाली पुस्तकाचं नाव दिलंय की, असं दुसरा म्हणाला तर याचं उत्तर तयार असायचं: चोरीच्या मालावर मालकाचं नाव लिहिलंत, फार उपकार झाले. तिथल्या मंडळींनी त्याचं नाव खोडरबर ठेवलं. त्याला ती पदवी वाटली.

या माणसासाठी ताट वाढलं जाईल असं जगात एकच घर होतं, ते थोरल्या बहिणीचं. ताईचे डोळे अधू झाले होते. रविवारी दुपारी हा तिच्याकडे जेवायचा, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि मग दोघं मिळून सगळ्या जगाला नावं ठेवायची. जीभ दोघांचीही सारखीच तिखट. एका माणसाचं नाव मात्र दोघंही काढत नसत, म्हणून तर त्यांचं जमायचं. तो माणूस म्हणजे ताईचा मागच्या वर्षी वारलेला नवरा.

भावोजी शहराच्या तरणतलावावर पोहणं शिकवायचे. रुंद छाती, गळ्यात शिट्टी, पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा आवाज. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शहरात शोधून सापडला नसता, एक सोडून. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं आणि हा शाळेत होता, तेव्हा भावोजींनी त्याला सगळ्यांसमोर उचलून खोल पाण्यात टाकलं. शिकवायची पद्धतच होती ती. त्याला आठवतं ते नाकातोंडात गेलेलं पाणी, आणि तलाव साफ करणाऱ्या माणसाने पुढे केलेला लांब बांबू. तो बांबू धरून तो बाहेर आला. त्यानंतर तो घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही आणि भावोजींबद्दल एक बरा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. शोकसभेतसुद्धा तो मागच्या खुर्चीवर बसून छताकडे बघत होता.

जलतरण मंडळाने भावोजींचा स्मरणग्रंथ काढला. त्यातल्या जीवनचरित्राखाली मंडळाच्या चिटणिसाचं नाव होतं, आणि त्यात हे वाक्य होतं: 'सरांनी आपल्या कोवळ्या मेहुण्यास खोल पाण्यात सोडले आणि काही क्षणांतच तो मासोळीप्रमाणे हात मारत काठाला आला.' खोडरबराने ते एकदाच वाचलं आणि ग्रंथ माळ्यावर फेकला.

आणि एका सकाळी ज्ञानकोशात भावोजींचं पान उगवलं. ताईच्या मुलीने, म्हणजे त्याच्या भाचीने, ग्रंथातलं ते चरित्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत टाइप करून ठेवलं होतं. 'सरांनी आपले आयुष्य अविरत झिजवले' होतं, मासोळीही होती. ग्रंथाचे हक्क मंडळाकडे, परवानगी कोणाची नाही, मजकूर शब्दशः. खोडणं भागच होतं, त्यात वादाला जागा नाही. पण कर्तव्य करताना माणसाने शीळ घालायची नसते, आणि हा घालत होता. सुंठीवाचून खोकला गेला होता.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, बाबांचं पान तू उडवलंस?"

"नियमाने उडालं."

"नियमाला हात असतात का? मी आईला सगळं वाचून दाखवलं होतं. आज परत वाच म्हणाली, उघडलं तर तिथे तुझी पाटी."

"मंडळाची परवानगी आणा. त्यांनी रीतसर मेल करायचा, की हा मजकूर कोणीही वापरावा, बदलावा, हवं तर विकावा, आमची हरकत नाही."

"चिटणीस मेला तरी देणार नाही. ग्रंथाच्या वेळीच त्याचं आणि आईचं फाटलंय."

"मग स्वतःच्या शब्दांत लिही."

"मला येत असतं तर टाइप करून बोटं मोडली असती का? तुला येतं ना, तू लिही. आणि आईचा निरोप आहे. पान परत येईपर्यंत रविवारचं येऊ नकोस."

गेलात उडत, असं म्हणून त्याने फोन ठेवला. पहिल्या रविवारी तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवला. वर्तमानपत्रात महापौरांचा फोटो होता, आणि महापौरांच्या नाकाविषयी त्याला जे सुचलं ते ऐकायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या रविवारी तो ताईच्या इमारतीखाली जाऊन परत आला. तिसऱ्याची वाट न बघता त्याने शिडी लावली आणि माळ्यावरून ग्रंथ काढला.

आता बघा, आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने काय केलं. ग्रंथ डाव्या हाताला उघडा ठेवला आणि एकेक वाक्य घेऊन त्यातले शब्द बदलत गेला. 'अविरत'चं 'सतत' केलं, 'झिजवले'चं 'वेचले', 'असंख्य'चं 'अनेक'. मासोळी गाळली, बाकी सगळं होतं त्याच ओळीने येऊ दिलं. त्यात आळस नव्हता. स्तुती चिटणिसाची राहावी आणि आपण नुसते हमाल असावं, अशी त्याची सोय होती. संध्याकाळपर्यंत पान तयार झालं आणि त्याने ते चढवलं.

दुसऱ्या दिवशी पान गायब. खोडणारी एक परिचारिका होती, कुठल्याशा इस्पितळात काम करणारी. चोरी कशी ओळखायची ते तिला यानेच शिकवलं होतं. तिने याच्याच दोन ओळींची पाटी याच्याच पानावर ठोकली होती. घरचा आहेर याला म्हणतात.

'मी प्रत्येक शब्द बदललाय,' त्याने दातओठ खात लिहिलं.

'शब्द बदललेत,' तिचं उत्तर आलं. 'वाक्यं तीच, त्यांचा क्रम तोच. वजनाला नवा रंग दिला म्हणून वजन नवं होत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि रागावू नका, पण तुम्ही या पुस्तकाचं बोट एवढं घट्ट का धरलंय? या माणसाबद्दल तुम्हाला स्वतःचं काहीच म्हणायचं नाही का?'

म्हणायचं होतं. पुष्कळ होतं. पण नाकातोंडातलं पाणी हा ज्ञानकोशात पुरावा होत नाही. तिथे दुसऱ्याने कुठेतरी छापलेलं लागतं, आणि ते आपल्या शब्दांत मांडावं लागतं. छापलेलं सगळं गोड होतं.

तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसला. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले खंड काढून देताना तिथला शिपाई रोज नवा चेहरा करायचा. वाचता वाचता याला नको असलेल्या गोष्टी हाती लागल्या. तलावाची सकाळची पहिली वेळ बायकांसाठी राखायला भावोजींनीच लावलं होतं. शहरातल्या बड्या लोकांनी ओरड केली, पालिकेने कामावरून कमी करण्याची धमकी दिली, तरी हा माणूस फाटकाशी उभा राहिला आणि एकाही पुरुषाला आत सोडलं नाही. नदीवरच्या होडीवाल्यांना बुडणारा कसा ओढून काढायचा ते त्यांनी फुकट शिकवलं होतं. बुडणारा कसा काढायचा ते. खोडरबराने खंड इतक्या जोरात मिटला की शेजारचा म्हातारा दचकला.

पण खरं होतं. तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत होतं. त्याने सगळं वाचलं, घरी आला, ग्रंथ परत माळ्यावर टाकला, आणि समोर काहीही उघडं न ठेवता लिहायला बसला. असलं लिखाण त्याने जन्मात केलं नव्हतं. एकेक वाक्य घशातून काट्यासारखं वर यायचं. 'विरोध झाला तेव्हा त्यांनी नोकरी पणाला लावली.' हे चिटणिसाने म्हटलं असतं तर थुंकून मोकळं होता आलं असतं. इथे मागे लपायला कोणी नव्हतं. ज्या माणसाचं तोंड बघायला तो तयार नव्हता त्याला तो स्वतःच्या तोंडाने चांगला म्हणत होता, आणि तसं म्हणायला लावणारा नियम त्याचा लाडका होता. परिचारिकेने पान तपासलं आणि राहू दिलं.

रविवारी भाचीने दार उघडलं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. भाची मोबाइल उघडून वाचायला लागली तर ताईने हात वर केला.

"तू नाही. तो वाचेल."

त्याने वाचलं. सकाळची वेळ वाचली, फाटक वाचलं, होडीवाले वाचले. आवाज कोरडा होता, तरी तो कुठेही अडखळला नाही.

"यातलं तुझं किती?" ताईने विचारलं.

"सगळी वाक्यं माझी आहेत. नियमच आहे."

"म्हणजे हे तू म्हणतोयस."

"पुरावे म्हणतायत."

"वाक्यं कोणाची, ते विचारलं."

"माझी म्हटलं ना."

ताई नाकातून हसली. त्या हसण्यात माया नव्हती. "ते जिवंत असताना एक तरी म्हणाला असतास," ती म्हणाली. मग विचारलं, "आणि तुझी गोष्ट? मासोळीची?"

"नाही घातली."

"का? छापलीय की. तुला छापील लागतं ना?"

"ती खोटी आहे, ताई."

भाचीने मान वर केली. ताई मात्र जागची हलली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मीच सांगितली ती चिटणिसाला. त्याला तलाव झाडणाऱ्याकडून बांबूचं कळलं होतं. तेच छापायचं म्हणत होता, माणूस खरा दिसतो म्हणे त्याने. त्यावरूनच आमचं वाजलं."

"तू तिथे होतीस?"

"काठावर होते. तू खाली जात होतास आणि हे हसत होते. मी ओरडले तर म्हणाले, गप्प बस, शिकेल. बांबू त्या झाडणाऱ्याने आपल्या मनाने घातला, यांनी सांगितला नव्हता. हे मी छापू देणार होते?"

ताईने पाहिलं नव्हतं, अशी समजूत करून घेऊन खोडरबर इतकी वर्षं या घरात जेवला होता. त्याला राग आला, आणि गंमत अशी की तो भावोजींवर नव्हता.

"आता घाल," ताई म्हणाली. "खरं आहे ते घाल. तेव्हा धीर झाला नाही, आता माझं काय राहिलंय. मी पाहिलंय, मी सांगते."

"नाही घालता येत."

"का?"

"तू छापील नाहीस."

"म्हणजे ते असेच राहणार तिथे. चांगले."

"हो."

"तू लिहिलंस म्हणून."

"हो," तो म्हणाला. "मी लिहिलं म्हणून."

ताईने भाचीला ताटं घ्यायला सांगितलं, तिघांची. भाचीने पाणी ठेवलं, भात वाढला. खोडरबर उठला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. ताईने हाक मारली नाही.

त्यानंतरच्या कुठल्याच रविवारी तो तिकडे गेला नाही. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्याने संगणक उघडला होता आणि भावोजींचं पान समोर घेऊन बराच वेळ बसला होता. ते काही त्याने पुसलं नाही. पुसायला कारणच नव्हतं, त्यात एकही वाक्य चोरीचं नव्हतं.