गुणवंतीच्या दोन पुरवण्या

शैलाबाईंनी गुणवंतीला पहिल्यांदा पाहिलं ते लालबागच्या मंडईत, आणि पाहण्याआधी ऐकलं.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. बाई मासळीच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. समोरची कोळीण पाच मिनिटांत चौघींशी चार तऱ्हांनी बोलली. टॉवरमधून आलेल्या मुलीला म्हणाली, "मॅडम, एकदम फ्रेश है. साफ करके दूँ?" चाळीतल्या आजींना म्हणाली, "आजी, परवाची पापलेटं जावयाला आवडली ना? मग आज कशाला तोंड वाकडं?" शेजारी सुकी मासळी मांडून बसलेल्या मालवणी रखमामावशीला तिनं हाक दिली, "गो मावशे, माजी पाटी बघ जरा, मना पानी आनाचा हाय." मग तिची नजर शैलाबाईंच्या चष्म्यावर गेली आणि जीभ एकदम सरळ झाली. "बाई, सुरमई दिसायला छान आहे, पण आज तुम्ही बांगडाच घ्या."

बाईंनी बांगडा घेतला. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाई घरी जाताना माशांचा विचार करत नव्हत्या.

जूनमध्ये हीच कोळीण त्यांच्या वर्गात येऊन बसली. परळच्या एका शाळेत शैलाबाई संध्याकाळी, शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांना दहावीचं मराठी शिकवत. गुणवंती शिवडीच्या कोळीवाड्यातली, वय सेहेचाळीस. तीस वर्षांपूर्वी ती दहावीला बसली होती. गणितात पास, इंग्रजीतसुद्धा पास, आणि मराठीत नापास. उत्तरपत्रिकेत ती घरी बोलायची तसं लिहून आली होती. "ही भाषा घरी ठेव," असं तिच्या शिक्षकांनी सांगितलं. तिनं भाषा ठेवली आणि शाळा सोडली. दुसऱ्या दिवशी आईनं डोक्यावर माशांची पाटी दिली.

"मग आता का आलीस?" बाईंनी विचारलं.

"वहीसाठी," गुणवंती म्हणाली.

मंडईतल्या मासळीवाल्यांची एक संस्था होती. दर महिन्याला सभा भरे. चाळीस बायका तावातावानं बोलत, पाण्याच्या नळाविषयी, बर्फाविषयी, ओट्यांवरच्या गळक्या पत्र्यांविषयी. बर्फाच्या दुकानातला हितेंद्र हा चिटणीस, तो इतिवृत्त लिही. माणूस भला, पण त्याच्या वहीत प्रत्येक सभेचं एकच वाक्य असे: 'महिलांनी चर्चा केली.' पत्र्यांचं काम तीन वर्षं रखडलं, कारण कोण काय बोललं आणि काय ठरलं, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. हितेंद्रला आता गावी जायचं होतं. त्याची जागा गुणवंतीला हवी होती, आणि नियमात दहावी पास असं लिहिलेलं होतं.

"मी काय करू, गुणवंतीताय?" हितेंद्र म्हणाला. "निकालापर्यंत मी थांबतो. पास हो, वही घे. नाहीतर बाहेरचा माणूस येईल."

रखमामावशीनं तर पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "धावी करून काय बांगड्यांका बाराखडी शिकवतलंस?"

वर्गात कवितेचा भाग आला तेव्हा गुणवंतीनं सगळ्यांना चकित केलं. यमक म्हणजे काय ते सांगायच्या आत तिनं चार उदाहरणं दिली. ती कोळीवाड्यातली धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला जे धवले गातात, ते तिला आईकडून तोंडपाठ आले होते. बाईंनी फळ्यावर लघु आणि गुरू अक्षरांच्या खुणा काढून दाखवल्या आणि प्रत्येकीला आपल्या आवडीच्या ओळीवर त्या करायला सांगितल्या. गुणवंतीच्या वहीत एक तिसरीच खूण निघाली, लांब शेपटीची.

"ही कसली?"

"ही लघु, ही गुरू," ती बोट ठेवत म्हणाली, "आन ही, ज्या अक्षरावर नवरीची आय रडते ती."

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या, पण खूण खोडताना त्यांचं पेन जरा रेंगाळलं. परीक्षेत खुणा दोनच, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनंही ते ऐकलं.

बाईंचा एक नियम होता: वर्गात शिरलं की प्रमाण भाषा. हा नियम त्यांनी स्वतःलाच आधी लावला होता. त्याही लालबागच्याच चाळीत, मालवणी बोलणाऱ्या आईच्या हाताखाली वाढल्या होत्या आणि बारा वर्षांच्या झाल्यावर ते बोलणं त्यांनी उंबऱ्यात काढून ठेवलं होतं. नियमानं आपलं भलं झालं, तसं हिचंही होईल, असं त्यांना वाटे.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. पस्तीस हवे होते, गुणवंतीला अठ्ठावीस मिळाले. बाईंनी पेपर पुन्हा पुन्हा पाहिला. चूक जवळजवळ एकही नव्हती. नव्हतं ते लिखाणच. जिथे अर्धं पान हवं तिथे दोन ओळी, त्याही सरळ, स्वच्छ आणि निर्जीव. जी बाई मंडईत चौघींशी चार जिभांनी बोलायची, ती कागदावर येताच मुकी झाली होती.

"चुकंल म्हणून भ्या वाटतं, बाई," ती म्हणाली. "म्हणून थोडं लिवते. थोड्यात चुका थोड्या."

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. स्वभावचित्रणाचा सराव म्हणून बाईंनी वर्गात एक कथा वाचून दाखवली, लेखकाचं नाव न सांगता. कथेतली नायिका काशी कोळीण. नवरा आजारी, ती मासे विकते, त्याला डॉक्टरकडे नेते, शेवटी सगळं बरं होतं. वाचन संपल्यावर दोघीतिघींनी डोळे पुसले. गुणवंती मात्र हाताची घडी घालून बसली होती.

"काय गं, आवडली नाही?"

"गोष्ट बरी हाय. काशी खोटी हाय."

"का?"

"ती गिऱ्हाइकाशी बोलते तसंच नवऱ्याशी बोलते, आन डॉक्टरशी पण तसंच. सगलीकडं नुसतं 'म्हावरं घ्या गो बाय'! आमी असं नाय करत. डॉक्टरपुढं आमी सगल्यात शुद्ध बोलतो, बाई. भ्या वाटलं की शुद्ध बोलतो. बाहेर आल्यावर आपलं बोलतो."

बाईंनी हातातली पानं मिटली. "मग मंडईत पहिल्या दिवशी माझ्याशी इतकं शुद्ध का बोललीस?"

"चष्मा बघून भ्याले," गुणवंती म्हणाली. "आन बांगडा खपवायचा व्हता."

हशा ओसरल्यावर तिनं विचारलं, "कोणी लिवली ही गोष्ट?"

"मी," शैलाबाई म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी. एका दिवाळी अंकात आली होती."

गुणवंतीनं पदर सावरला. "मंग चांगली हाय," ती म्हणाली, आणि त्यावर सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

हसताना त्यांना काहीतरी टोचलंही. त्यांची काशी चुकली होती आणि त्यांचा नियमही. दोन्ही ठिकाणी त्यांनी माणसाला एकच जीभ दिली होती.

"जे आता बोललीस ते लिही," त्या म्हणाल्या. "तुझं मत प्रमाण भाषेत लिही, ते तुला येतं. आणि काशी जिथे बोलते तिथे अवतरणचिन्हं घाल. त्या चिन्हांच्या आत तिची भाषा. तिथे कोणी तुला चूक म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही."

"आत काय पण?"

"आत काशीचं राज्य."

दुसऱ्या दिवशी गुणवंतीनं तीन पानं आणली. तिची काशी डॉक्टरांना विचारते, "डॉक्टर, माझ्या मिस्टरांना बरं वाटेल ना?" दाराबाहेर येते आणि नणंदेचा हात धरून म्हणते, "गो बाय, मना काय बी समजला नाय." खाली गुणवंतीनं लिहिलं होतं: 'काशी धीट नाही. ती धीट दिसते, कारण ती योग्य माणसाजवळ घाबरते.' चाळीस वर्षांत हजारो स्वभावचित्रणं तपासलेल्या शैलाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि समासात काहीच लिहिलं नाही.

मार्चमध्ये दादरच्या केंद्रावर मराठीचा पेपर झाला. बाई फाटकाशी उभ्या होत्या. शाळेच्या पोरींच्या घोळक्यातून गुणवंती सर्वांत शेवटी बाहेर आली. हिंदमाताच्या कापडबाजारातून घेतलेली नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि बोटांवर शाईचे डाग.

"कसा गेला?"

तिनं दोन बोटं वर केली. "पुरवण्या, बाई. दोन!"

निकाल लागला तेव्हा ती मंडईत कोयत्यावर सुरमई कापत होती. हात ओले, म्हणून तिच्या मुलीनं, रंजितानं, फोन डोळ्यांसमोर धरला. मराठीत अठ्ठ्याहत्तर. गुणवंतीनं सुरमईचा तो तुकडा तसाच सोडला आणि धवल्याचा पहिला सूर लावला, तोच, शेवटच्या अक्षरावर लांबणारा. ओट्याओट्यावरच्या बायकांनी तो उचलला. गिऱ्हाइकं पिशव्या हातात धरून थांबली. हितेंद्र बर्फाच्या दुकानातून वही आणि नारळ घेऊन धावत आला. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या शैलाबाईंना कळलं, की त्या लांब शेपटीच्या खुणेवर नवरीची आई नुसती रडत नाही, आनंदानं गातेही.

रखमामावशी सुक्या बोंबलांमागून ओरडली, "गो गुणवंती, माझा बोलणा आसा तसाच लिव हां! वाचतल्याक बोंबलाचो वास येवक होयो!"

ओळखीचा आवाज होता, आईचं बोलणं. "येतलो, येतलो," शैलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. मावशीनं वळून पाहिलं आणि चष्म्यासकट त्यांना शेजारी बसायला पाट दिला.

पत्रे पुढच्या पावसाळ्याआधी बदलले. आज गुणवंती संस्थेची चिटणीस आहे. सकाळी मासे विकते, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी सभेचं इतिवृत्त लिहिते. ठराव प्रमाण मराठीत असतात आणि कोण काय बोललं ते अवतरणचिन्हांत, जिच्या तिच्या बोलीत.