बांगड्याची सर नाही

मासा गळाला लागला की तो आधी नाकाशी नेई, डोळे मिटून हुंगे आणि म्हणे, "बांगड्याची सर नाही." मग तोच मासा बर्फाच्या डब्यात हळुवार ठेवून पुन्हा गळ टाकी.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. इथे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनमध्ये, तो आमच्या समोरच्या घरात एकटा राहायचा, माझ्याच टीममध्ये होता, मूळचा वेंगुर्ल्याचा. मी पुण्याचा, पापलेटच्या पुढे कधी गेलो नव्हतो. कोविडमुळे घरून काम सुरू झालं तसा तो दर रविवारी मला गाडीत घालून जंगलातल्या तळ्यावर नेऊ लागला. लायसन्स, गळ, आमिष, सगळं चोख. टाइमशीट भरताना मात्र एवढा काटेकोर नसे.

काठावरचा एखादा म्हातारा विचारी, "एनी लक, मेट?"

"यस, बट नॉट बांगडा, मेट," हा गंभीरपणे सांगे. म्हातारा समजल्यासारखी मान हलवी.

मग गावी त्याच्या आईला कोविड झाला. इथून निघायला सरकारची परवानगी लागे आणि तिकडून परतायला विमानं नव्हती. त्याने दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. तेव्हा तो नवस बोलला: आई बरी होईपर्यंत मासा खाणार नाही.

खाणं सोडलं, गळ नाही. "घरी बसलो तर फोनकडेच बघत राहीन," म्हणाला. पकडलेले रेडफिन मासे साफ होऊन आमच्याकडे येऊ लागले. त्याच्या नवसाचे लाभार्थी आम्ही. आईची ऑक्सिजनची पातळी तो सांगत असताना माझं लक्ष त्याच्या हातातल्या पिशवीकडे असे. याची मला आजही लाज वाटते.

नंतर दोन आठवडे तो दिसला नाही. मेसेजला 'ठीक' एवढंच उत्तर यायचं. रस्ता ओलांडून जायचं टाळायला कोविडचं कारण सोयीचं होतं.

मग एका रविवारी दुपारी त्याच्याकडून मासे तळल्याचा वास आला. नवस फिटला म्हणून मी फ्रीजमधले पेढे घेऊन धावलो. "आई बरी झाली ना?"

तो तव्यापाशी उभा होता. "काल तेरावं झालं," म्हणाला. "आमच्यात त्यानंतर तिखट करतात. मासे खाऊन दुखवटा संपवायचा. जेवायला माणसं लागतात. आलास, बरं झालं."

पेढे कुठे लपवावेत मला कळेना. त्यानेच ते घेऊन ओट्यावर ठेवले आणि दोन ताटं वाढली. पहिला घास तो बराच वेळ चावत होता. मी त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो. तो मात्र मला काटे जमत नाहीत म्हणून एकेक तुकडा सोलून माझ्या ताटात ठेवत राहिला.

विमानं सुरू झाल्यावर तो गावी गेला, तो परतला नाही. गळ माझ्याकडे आहे. मासा लागला की मीही हुंगतो, पण काही म्हणत नाही. बांगडा मी अजून खाल्लेला नाही.