दार लावून भांडणारा मिस्त्री

आमच्या मिस्त्रीशी भांडायला बसलं की पहिली पाच मिनिटं तो आपल्याच बाजूने बोलायचा. आपल्यालाही सुचले नसते असे मुद्दे काढून आपलं म्हणणं नीट मांडायचा आणि विचारायचा, "असंच ना तुझं?" आपण खूश होऊन "हो" म्हटलं की मग शांतपणे स्वतःचं सांगायचा. मी बीडहून पॉलिशवाला म्हणून कतारला, दोह्यात आलो आणि आवाज चढवून वर आलो. मला ही पद्धत सुरुवातीला भित्रेपणाची वाटली. पुढे लक्षात आलं, की माझ्या आरडाओरड्याने सुटले नाहीत ते वाद या माणसाने हळू आवाजात मिटवले.

तो अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला यहुदी. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. "घाणा गेला, मी सुतार झालो, शनवार तेवढा राहिला," असं सांगायचा. इथे सुट्टी शुक्रवारची. मी त्याला कामावर ठेवताना त्याने एकच अट घातली होती, शनिवारी रंध्याला हात लावणार नाही. त्याबदल्यात शुक्रवारी सकाळी तो एकटा दुकानात बसून पटाशांना धार लावायचा. आपला धर्म त्याने लपवला नाही आणि मिरवलाही नाही.

दोह्याच्या नजमा भागातलं ते फर्निचरचं दुकान माझं आणि रत्नागिरीच्या कासिमभाईचं, भागीदारीत. शुक्रवारच्या नमाजानंतर कासिमभाई मासळी घेऊन यायचा आणि तो नि मिस्त्री मिळून नारळाच्या दुधातलं कालवण करायचे. आंबट किती घालावं यावर दर शुक्रवारी वाद. मी म्हणायचो, "एकदा काय ते ठरवून टाका की!" मिस्त्री हसायचा. "ठरवलं तर पुढच्या शुक्रवारी बोलायचं काय?"

एकदा त्याने सांगितलं, की त्यांच्यात फार पूर्वी दोन गुरूंची घराणी होती. शेकडो गोष्टींवर मतभेद, त्यात लग्नाचे नियमसुद्धा आले. तरी त्यांनी एकमेकांत सोयरिकी थांबवल्या नाहीत. एखाद्या स्थळात समोरच्याच्या नियमाने अडचण असेल, तर ते स्वतःहून आधी सांगून टाकायचे. "समोरचा फसवणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं," मिस्त्री म्हणाला, "म्हणून भांडता आलं."

मी ते ऐकलं आणि माझ्या कामाचं तेवढं उचललं. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना आधी त्याचीच बाजू मांडायची! माणूस लगेच मऊ पडतो. माझे सौदे झपाट्याने जमू लागले.

मग दुकान हलवायचा विषय निघाला. मला सगळं शहराबाहेर, इंडस्ट्रियल एरियात न्यायचं होतं. कासिमभाई नजमा सोडायला तयार नव्हता. तीन आठवडे आमच्यात धड बोलणं नव्हतं. शेवटी एका दुपारी मी त्याला अर्धवट झालेल्या सोफ्यावर बसवलं आणि मिस्त्रीच्या पद्धतीने सुरू केलं. "तुझं म्हणणं असं, की इथलं गिऱ्हाईक पायी येतं, हात लावून माल बघतं. मशीद समोर आहे. वीस वर्षांची ओळख अशी सोडवत नाही."

"अगदी बरोबर," तो म्हणाला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

मग मी माझं सांगितलं. गल्लीत ट्रक उभा राहत नाही, भुशावरून शेजारी तक्रारी करतात, मोठी ऑर्डर घेता येत नाही. तो सोफ्यावरून उठला. "खलास. कर तुला हवं तसं."

मी विजयात होतो. तेवढ्यात मिस्त्रीने मला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"जागा हलवायला हवी, हे तुझं बरोबरच आहे," तो म्हणाला. "पण दत्ता, तू वाद घातला नाहीस. सौदा केलास."

"त्याचं सगळं त्याच्याआधी मीच बोललो की!"

"सगळं? त्याचं सगळ्यात जड होतं तेवढं सोडून."

मला कळलं. कासिमभाईची नजर जात चालली होती. चहा कपाबाहेर ओतायचा, गाडी चालवणं त्याने मुकाट बंद केलं होतं. नजमात तो पायाच्या सवयीने फिरायचा. दुसरीकडे त्याला ते जमणार नव्हतं, आणि लाजेने तो बोलतही नव्हता. मला हे सगळं माहीत होतं. त्याने घेतलेली मापं मिस्त्रीने गुपचूप पुन्हा तपासावीत, असं मीच सांगितलं होतं. पण तो मुद्दा निघाला असता तर मी हरलो असतो.

"तू कोणाच्या बाजूचा आहेस?" मी ओरडलो.

"तुझ्या. म्हणून दार लावलं."

महिन्याभराने गुडघ्यांमुळे तो कायमचा गावी निघाला. विमानतळावर मीच सोडलं. ट्रॉली ढकलता ढकलता त्याने विचारलं, "कासिमभाईशी बोललास?"

"नाही."

"बरं," म्हणाला आणि आत गेला. त्या 'बरं'चा राग माझ्या मनात अजून आहे. शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती.

तिथून मी तडक नजमाला गेलो. कासिमभाई कॅफेटेरियात चहा घेत होता. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "त्या दिवशी तुझी एक गोष्ट मी मुद्दाम गाळली. तुला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं."

त्याने टेबल चाचपून कप खाली ठेवला. "ठाऊक होतं?"

"होतं."

मग तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. एवढं मी बापाचंही ऐकून घेतलं नसतं, पण ऐकलं. बोलून संपल्यावर त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बस. आता सांग, तिकडे मी रोज येणार कसा?" स्वतःच्या नजरेची अडचण तो पहिल्यांदाच माझ्यापुढे मांडत होता.

दुकान हललं. रोज सकाळी मी नजमाला जाऊन त्याला गाडीत घेतो. मिस्त्रीचा फोन येतो, तब्येत सांगतो, दुकानाचं मात्र विचारत नाही. परवा सिग्नलवर कासिमभाई म्हणाला, "दत्ता, जागा हलवली ती चूकच झाली आपली." डोक्यात तिडीक गेली. सिग्नल सुटल्यावर मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "बोल."