दुसऱ्याच्या पुस्तकातलं माझं नाव

मी बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला आहे. पुस्तक हाती आलं की आधी पान दोन बोटांत धरून चोळतो, उजेडासमोर धरून बघतो, मग वाचतो. कविताही लिहितो. माझी वही पुण्याच्या एका प्रकाशकाकडून दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी तर पाकिटावर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

त्याच प्रकाशकाने माझ्या मित्राचं पुस्तक घेतलं. चंद्रपूरला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो शहरातला, मी गडचिरोलीकडच्या खेड्यातला. आता तो पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो आणि रविवारी कॅफेत कविता वाचतो. तिथे टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात, असं त्याने मला कौतुकाने सांगितलं होतं. आणि कविता कशावर? आमच्या जंगलावर. एका दिवाळीच्या सुट्टीत तो चार दिवस आमच्या घरी राहिला होता. माझी आई त्याला मोहाच्या झाडांच्या गोष्टी सांगायची आणि मी शेजारी जांभया देत बसायचो. त्या चार दिवसांवर त्याने अख्खं पुस्तक काढलं. सगळं लहानपण तिथे काढून माझ्या वाट्याला मात्र परत आलेलं पाकीट. हेवा वाटला म्हणणं फार सभ्य झालं. मी जळत होतो.

छपाईआधी त्याने सगळ्या कविता मोबाइलवर पाठवल्या. म्हणाला, "जंगलातलं काही चुकलं तं सांग. इथी कोणाले समजत नाई, तूच पाह्य."

कँटीनमध्ये डबा बाजूला सारून मी वाचल्या. चांगल्या होत्या, तेच तर दुखत होतं. हावरटासारखा चुका शोधत गेलो आणि एक सापडली, तीही माझ्या आईवरच्या कवितेत. 'फांदी वाकवून ती मोहफुलं तोडते.' मोहफुलं कोणी तोडत नाही. ती पहाटे आपोआप गळतात. बाया झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात आणि पडलेली फुलं टोपलीत वेचतात. हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर. दिवाळीत आलेल्या पाहुण्याला कुठून दिसणार? मी दुरुस्ती लिहिली, मग खोडली. 'सगळं बरोबर आहे' एवढंच पाठवलं. एकदा तरी लोक त्याला हसावेत, असं मला मनापासून वाटत होतं.

कोणी हसलं नाही. उलट त्या ओळीचंच चित्र मुखपृष्ठावर आलं. फांदी वाकवणारी बाई, म्हणजे माझी आई. मी आणखीच जळलो.

गडचिरोलीला झालेल्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात पहिली प्रत आईलाच द्यायची, असा त्याने हट्ट धरला. आई नवं लुगडं नेसून मंचावर बसली. त्याने तिच्यासमोर तीच कविता वाचली. ती ऐकून आई त्याच्याकडे वळून हळूच बोलली, पण माईक चालू होता.

"मोह कोनी तोडते का, बाबू? तो तं सोताच पडते. आमी वेचतो."

सभागृह हसलं. माझी इच्छा पुरी झाली आणि मला खुर्चीत बसवेना. आता तो माझं नाव घेईल, म्हणून मी वाट बघत होतो. त्याचे कान लाल झाले होते. "चूक माझीच आहे, काकू," तो म्हणाला. "मी फक्त दिवाळीत आलो होतो." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

परतताना एसटीत आईने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. तिला वाचता येत नाही. त्यात तुझं नाव आहे असं तो म्हणत होता, कुठे आहे ते दाखव, म्हणाली. मी शेवटचं पान उघडलं. 'जंगलाचे तपशील तपासून दिल्याबद्दल' असं लिहून खाली माझं नाव छापलं होतं; मी ते तिला वाचून दाखवलं. माझं नाव पुस्तकात पहिल्यांदाच छापलं गेलं होतं. आईने त्यावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"मंग तुले ते मोहाचं दिसलं नाई का?" तिने विचारलं.

"नाई दिसलं," मी म्हणालो.

लहानपणी किती तरी पहाटे मी तिच्याबरोबर तीच फुलं वेचली होती. नावावरचं बोट तिने काढून घेतलं.