इंग्रजीच्या तासाचं विषामृत

पाचवीत आम्हाला इंग्रजी सुरू झालं, आणि त्याच वर्षी मला दुसऱ्याला हात लावायची भीती वाटायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो आमच्या बाईंनी जोडला, आणि तोही अगदी चांगल्या मनाने.

शाळा भांडुपची, मराठी माध्यमाची. गिरण्यांच्या संपामुळे वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील घरी बसले होते, ते हे दिवस. इंग्रजीच्या बाई नव्याच लागलेल्या, मुलुंडहून यायच्या. पाठ करून भाषा येत नाही, खेळून येते, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या हेडसरांचं मत याच्या बरोबर उलट होतं, पण बाईंच्या वर्गाचा निकाल लागेपर्यंत ते गप्प बसायला तयार होते.

विरुद्धार्थी शब्दांपासून बाईंनी सुरुवात केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर त्या मोठ्या अक्षरात एकेक शब्द लिहून आणायच्या. एकाच्या हातात हॉट, दुसऱ्याच्या हातात कोल्ड. आपला जोडीदार शोधून त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. हा खेळ मला फार आवडायचा. त्यात नुसतं शेजारी उभं राहायचं होतं.

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "विषामृत येतं ना सगळ्यांना?"

न येऊन कसं चालेल? ज्याच्यावर राज्य तो विष. तो ज्याला शिवेल त्याने जागच्या जागी पुतळा व्हायचं. मग जो अजून मोकळा आहे त्याने, म्हणजे अमृताने, येऊन त्या पुतळ्याला हात लावला की तो सुटला. बाईंनी त्यात इंग्रजी घातलं. विषाने शिवताना एक शब्द म्हणायचा, अमृताने हात लावताना त्याचा उलटा शब्द म्हणायचा. शब्द चुकला तर अमृताचाही पुतळा. शेजारी आठवीचा वर्ग असल्यामुळे ओरडायचं नाही आणि पळायचंही नाही, भरभर चालायचं. आणि धक्काबुक्की नको म्हणून हात लावायचा तो फक्त दंडाला.

बाकं भिंतीला लावली गेली. सगळा वर्ग खुसखुसत होता. मी मात्र बाकं लावून झाली तरी भिंतीशीच उभी राहिले.

आम्ही बौद्ध. राहायला टेकडीच्या बाजूला, विहाराच्या मागे. वर्गात सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण हजेरीत आडनाव रोज ऐकू यायचं, आणि आडनावावरून माणूस ओळखायची विद्या आपल्याकडे इंग्रजीच्या कितीतरी आधी शिकवतात. पण शाळेत मला कोणी कधी काही बोललं नव्हतं, हेही सांगायला हवं. चौथीपर्यंत मी कोणाच्याही गळ्यात हात टाकून हिंडले. माझ्या बाकावरची मैत्रीण मालवणकडची होती. मधल्या सुट्टीत आमचा एकच डबा व्हायचा, तिच्या आईने दिलेली घावणं अर्धी माझी.

चौथीनंतरच्या मे महिन्यात मी तिच्या चाळीत खेळायला गेले होते. उन्हातान्हात धावून घसा कोरडा पडला. ती खाली गेली होती आणि घरात गावाहून आलेली तिची आत्या एकटीच होती. मी नेहमीसारखी माठाकडे गेले. आत्या एकदम पुढे आली. "तुका पाणी व्हया तर माका सांग," ती म्हणाली. "थंय हात लाव नको." रागावून नाही, अगदी समजुतीने. मग तिने तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्यायले. तहान लागलेली होती, काय करणार? दाराबाहेर पडताना मागे पाहिलं, तर आत्या तो माठ मोरीत पालथा करत होती. मी त्या माठाला बोट लावलं होतं.

घरी मी हे कोणालाही सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती तशीच पदर खोचून त्या चाळीत गेली असती, आणि मग माझी मैत्रीण माझी राहिली नसती. तिला हे माहीत होतं का, तिच्या आईला माहीत होतं का, मला काहीच कळत नव्हतं. एवढंच कळलं होतं की माझ्या हातामुळे काहीतरी ओतून द्यावं लागतं. शाळा उघडली तेव्हा मी आईने भाकरी जास्त दिलीय, पोट दुखतंय, असली कारणं सांगून वेगळी बसून खायला लागले. काही दिवस तिने आग्रह केला. मग तिनेही तो सोडला, आणि तिने सोडला म्हणजे तिला माहीत आहे, असं मी ठरवून टाकलं.

आता विषामृतात विषाची मला मुळीच भीती नव्हती. विषापासून सगळेच पळतात, त्यात माझं वेगळं काही नाही. भीती होती ती अमृत व्हायची. मी एखाद्या मुलीच्या दंडाला हात लावला, शब्द बरोबर म्हटला, आणि तरी ती हललीच नाही तर? दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत तशीच उभी राहिली तर? हे सगळ्या वर्गासमोर होईल आणि वर्ग हसणारही नाही, नुसता बघत राहील.

मी यावर उपाय काढला. खेळ सुरू झाला की विषाच्या समोरच जाऊन उभं राहायचं. मी पहिल्या झटक्यात पुतळा व्हायची. पुतळ्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. पण मुलं बिचारी मला सोडवायला यायची! बिग म्हणून शिवलं असेल तर स्मॉल, फास्ट म्हणून शिवलं असेल तर स्लो. मग मी नवी चिंता सुरू केली. कोण दंडाला अख्खा तळवा लावतो, कोण नुसतं बोटाचं टोक लावतो, कोण फ्रॉकच्या बाहीवरच काम भागवतो, हे मी बघायला लागले. भरभर चालणारी मुलं ती, हाताला येईल तिथे शिवून पुढे जात असणार. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं, प्रत्येक बोटाच्या टोकात मला ती आत्या दिसायची.

सुटले की मी परत विषासमोर. असे कितीतरी तास गेले. मी एकालाही सोडवलं नाही, त्यामुळे एकही इंग्रजी शब्द बाईंच्या कानावर माझ्या तोंडून पडला नाही.

खरं तर शब्द मला सगळे येत होते. माझे वडील मुलुंडला एका कारखान्यात होते. संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की ते माझं पुस्तक उघडायचे आणि मला विचारता विचारता स्वतःही शिकायचे. रविवारी पवईच्या तलावावर नेलं तर तिथेही पाठ सुटायचा नाही. काठाला उभं करून म्हणायचे, "हे इथलं काय?" शॅलो, मी म्हणायची. "आणि तो मधला काळा भाग?" डीप. माझं उत्तर बरोबर आलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की माझीच मला ऐट वाटायची. "माझी मुलगी इंग्रजीत पहिली येणार," हे त्यांनी कारखान्यात सांगून ठेवलं होतं.

आणि एका शुक्रवारी बाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"तुला एकही शब्द येत नाही का गं? तोंडी परीक्षेत मी तुला काय देऊ?"

मी टेबलावरच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा सरळ करायला लागले.

"उद्या शेवटचं बघते. एकाला तरी सोडवलंस तर ठीक. नाहीतर सोमवारी वडिलांना घेऊन यायचं. तुला वेगळं बसवून पहिल्यापासून शिकवावं लागेल, हे मला त्यांना सांगायला हवं."

माझी वाट लागली. वडील येणार, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येणार, आणि बाई त्यांना सांगणार की तुमच्या मुलीला बिगचं स्मॉल येत नाही. ते चकित होतील. मग म्हणतील, येतं हो हिला. मग दोघंही माझ्याकडे बघतील आणि विचारतील, का नाही बोललीस? तेव्हा मला माठ सांगावा लागेल. वडिलांसमोर, बाईंसमोर. माठाची गोष्ट ऐकल्यावर वडिलांचा तो चेहरा कसा होईल, हे मला बघायचं नव्हतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला खरोखर वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलेले सगळे शब्द मी धडाधड सांगितले आणि रात्री अंथरुणात रडले.

शनिवारची सकाळची शाळा. राज्य वर्गाच्या मॉनिटरवर आलं. तो हुशार आणि आगाऊ. पुढचे धडे वाचून अवघड शब्द शोधून ठेवणारा. यावेळी मी विषासमोर गेले नाही, मागच्या भिंतीला चिकटून राहिले. मॉनिटर फिरत फिरत आला आणि त्याने माझ्या मैत्रिणीच्या दंडाला हात लावला.

"डीप!"

ती माझ्यापासून दोन-तीन पावलांवर पुतळा झाली. एक मुलगा आला आणि "हाय", म्हणजे उंच, म्हणाला; चुकला, तोही पुतळा. एक मुलगी आली, "स्मॉल" म्हणाली, तीही पुतळा. मग कोणी जवळ यायलाच तयार होईना. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

मी दोन पावलं पुढे झाले. शब्द जिभेवर होता. हात वर येईना. तळव्याला घाम फुटलेला, तो मी फ्रॉकला पुसला, पुन्हा पुसला.

"लाव ना गं," ती ओठ न हलवता पुटपुटली. "तुला येतंय. मला माहितीये तुला येतंय."

मी तशीच उभी. आजूबाजूची मुलं थांबून बघायला लागली होती. मला ज्याची भीती वाटत होती तेच होत होतं. फक्त पुतळा मला नाकारत नव्हता, मीच हात मागे घेत होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतळ्याने रडायचं की नाही, याचा नियम बाईंनी केला नव्हता.

"बरं झालंय ते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. "आई शपथ. डॉक्टर बोलले, आता दुसऱ्याला नाही लागत."

"काय?"

"गजकर्ण. दंडावरचं. तू बघितलंयस ना? म्हणूनच तू माझ्या डब्यातलं खात नाहीस ना?"

तिच्या फुग्याच्या बाहीखाली जांभळ्या औषधाची कड दिसत होती. मी ती त्या क्षणापर्यंत कधी पाहिली नव्हती. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या बोटांकडेच बघत होते. तिने आग्रह सोडला तो यासाठी होता तर. तिची आई तिला म्हणाली असणार, कोणाला सांगू नको, कोणाला लावू नको. आणि ती रोज माझ्या शेजारी बसून हेच समजत होती की हिला माझी किळस येते.

मी बाहीखाली हात घातला आणि अख्खा तळवा त्या जांभळ्या डागावर ठेवला. "शॅलो," मी म्हणाले.

"करेक्ट!" बाई ओरडल्या. आठवीचा वर्ग शेजारी आहे हे त्याच विसरल्या. मैत्रीण सुटली आणि भरभर चालत निघूनही गेली. मॉनिटरने मला लगेच शिवून पुतळा केलं. त्याने कुठला शब्द म्हटला, ते मला ऐकूच आलं नाही.

शाळा सुटल्यावर बाई एवढंच म्हणाल्या की सोमवारी वडिलांची गरज नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून मी उड्या मारीन. पण मी दप्तर उचललं आणि चालायला लागले.

फाटकापाशी मैत्रीण माझी वाट बघत थांबली होती. आम्ही रस्त्याने निघालो. मग दप्तराचा बंद पिळत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "हात लावताना तुला किळस नाही ना आली? खरं सांग."

"नाही गं," मी म्हणाले. "वेडी आहेस का?"

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या गळ्यात हात टाकला. तिचं एका शब्दात भागलं. हाच प्रश्न मला तिला विचारायचा होता. नाक्यापर्यंत विचारीन म्हटलं, मग तिच्या चाळीपर्यंत विचारीन म्हटलं. पुढे दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि तो प्रश्न मी तिला कधीही विचारला नाही. ती नाहीच म्हणाली असती. पण म्हणण्याआधी ती क्षणभर थांबली असती तर, याची मला भीती वाटायची.