ईस्टरचा चहा

बाळांनो, आज ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. आजोबांच्या बिनसाखरेच्या चहाची गोष्ट सांगायला आता मी एकटीच उरले, म्हणून लिहिते.

सकाळी साखरेचा डबा फडताळात वर ठेवला. एक मुंगी त्याच्या झाकणाभोवती फिरत राहिली. आत वाट नव्हती, तरी ती जाईना.

आजोबांना चहा गोडमिट्ट लागे. तरी या दिवसांत ते साखर सोडत, ती थेट ईस्टरच्या सकाळपर्यंत. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. गुड फ्रायडेला मी म्हटलं, "अहो, थोडी साखर घालते. आजारी माणसाला देव माफ करतो."

ते हसले. "देव करील गं! पण मग रविवारचा चहा गोड कसा लागायचा?"

शनिवारी ते गेले. रविवारी, ईस्टरच्याच दिवशी, दफन करून परतलो, तेव्हा शेजारणीने गोड चहा हातात दिला. तो मला कडू लागला.

संयम म्हणजे मन मारणं, असंच मी समजत आले होते. त्यांच्यासाठी ते गोडाची वाट पाहणं होतं.

आज मीही बिनसाखरेचा चहा घेतला. आजोबा नाहीत. त्यांचं वाट पाहणं या घरात अजून आहे.